लावणाऱ्यानेच काढावे

आमच्या ओट्यावरच्या एक्स्टेन्शन बोर्डाला लाल पुठ्ठ्याचा एक तुकडा लटकलेला असायचा. त्यावर काळ्या मार्करने, शाळेतल्या फळ्यावर लिहावं तसं सुवाच्य मराठीत लिहिलेलं होतं: ‘धोका. किटली, मिक्सर आणि राईस कुकर एकाच बोर्डावर. लावणाऱ्यानेच काढावे.’ खाली तारीख, वेळ आणि सही.

आम्ही सौदीत अबकैकला राहायला येऊन तेव्हा चारच दिवस झाले होते. खोकीसुद्धा उघडून झाली नव्हती. खालच्या मजल्यावरचे एक साठीकडे झुकलेले गृहस्थ हातात सांदणांचा डबा घेऊन ‘काही लागलं तर सांगा’ म्हणायला आले. परमुलखात मराठी कानावर पडल्यावर माणूस जसं भरून पावतं तशी मी भरून पावले आणि चहा टाकायला आत वळले. ते माझ्या मागोमाग स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले, ओट्याकडे बघितलं, शर्टाच्या खिशातून तो पुठ्ठा काढला, तिथेच उभ्याउभ्या लिहिला, दोऱ्याने बोर्डाला बांधला आणि बाहेर जाऊन शांतपणे चहा प्यायले. साखर बेताची आहे, असं वर कौतुकही केलं.

संध्याकाळी माझ्या नवऱ्याने तो पुठ्ठा काढून केराच्या टोपलीत टाकला. दुसऱ्या दिवशी ते रिकामा डबा न्यायला आले, त्यांनी आधी बोर्ड पाहिला आणि मग टोपली पाहिली. पुढचे अकरा दिवस जिन्यात भेटले की माझ्याशी नीट बोलायचे आणि माझ्या नवऱ्याच्या अंगावरून, तो जणू भिंतीचा भाग असल्यासारखे, निघून जायचे. बाराव्या दिवशी आम्ही दुसरा बोर्ड आणला, त्यांना वर बोलावलं, नवा पुठ्ठा बांधून घेतला आणि मग त्यांच्याच हाताने तो सोडवून घेतला. तेव्हा कुठे त्यांनी नवऱ्याला ‘काय, कसं काय’ विचारलं. किटली मात्र माझ्या आळसापायी पुन्हापुन्हा जुन्याच बोर्डावर जायची, त्यामुळे पुठ्ठाही परत यायचा. तो आमच्या घरातला कायमचा पाहुणा झाला.

आमच्या मुलीने त्यांचं नाव टॅग अंकल ठेवलं आणि तेच बिल्डिंगभर झालं. मी एकदा त्यांना चाचा म्हणून हाक मारली होती. त्यांनी लगेच दुरुस्ती केली. चाचा कंपनीत म्हणतात, मी गुहागरकडचा आहे, मला काका म्हण. मी सांगलीची. गुहागर आणि सांगलीमध्ये अख्खा सह्याद्री उभा आहे, पण सौदीच्या वाळवंटातून बघितलं की दोन्ही गावं अगदी एकाच गल्लीतली वाटतात.

काका तेलाच्या प्लँटमध्ये एका ठेकेदार कंपनीत होते. अबकैकमध्ये नुसतं प्लँट म्हटलं की पुरतं, कारण गाव त्याच्याच आधाराने वसलेलं आहे. कुठल्याही यंत्राची दुरुस्ती सुरू होण्याआधी ते बंद करून त्याच्या स्विचला कुलूप लावायचं, आणि कुलपाला टॅग बांधायचा, हे त्यांचं खातं. यंत्रावर पाच माणसं काम करणार असतील तर पाच जणांची पाच कुलुपं. ज्याने लावलं त्यानेच काढायचं. शेवटचं कुलूप निघेपर्यंत ते यंत्र कोणाच्याही हुकमाने सुरू होत नाही. एक साहेब एकदा आपलं कुलूप विसरून लग्नाच्या जेवणाला दम्मामला निघून गेले होते, तर काकांनी त्यांना तासाभराच्या अंतरावरून गाडी पाठवून परत आणवलं होतं. ही गोष्ट ते फार चवीने सांगायचे. “बिर्याणीवरनं उठून आला. हात धुतला, कुलूप काढलं, परत गेला. बिर्याणी गार झाली असेल, पण माणसं घरी गेली ना.”

एवढ्या कडक माणसाच्या मागे काहीतरी भयंकर घडलेलं असणार, असा आम्हा सगळ्यांचा तर्क होता. कोणी म्हणायचं त्यांचा भाऊ अपघातात गेला, कोणी म्हणायचं त्यांच्या हातून कोणी दगावलं. मी एकदा धीर करून विचारलंच. काका बराच वेळ आठवत राहिले आणि म्हणाले की नाही, तसं काही झालेलं नाही, सगळं नियमाने चाललं म्हणून झालं नाही. मला तर जरा निराशाच वाटली.

आमच्या इमारतीत दहा बिऱ्हाडं होती, बहुतेक हिंदुस्थानी. मागच्या जिन्याचा दरवाजा जुन्या एसींच्या ढिगाने अडलेला, आणि तळमजल्यावरची मीटरची पेटी एवढी थकलेली की उन्हाळ्यात दुपारी सगळ्यांचे एसी लागले की ती मान टाकायची. भाडेकरूंच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर चिडचिड व्हायची. माझ्या नवऱ्याने एक खरमरीत अर्ज लिहिला आणि दहा सह्या गोळा करायला निघाला. निम्म्यांनी कां-कूं केली. इकाम्यावर, राहण्याच्या परवान्यावर जगणारी माणसं आपण, घरमालकाने कफीलाला, म्हणजे आपल्याला नोकरीवर आणणाऱ्याला काही सांगितलं तर काय, ही धास्ती. काकांकडे गेला तर त्यांनी अर्ज वाचला, घडी घातली आणि परत दिला. एका कागदावर दहा सह्या दिसल्या की मालक घाबरतो, आणि घाबरलेला माणूस दरवाजा मोकळा करत नाही, वकील शोधतो, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येकाने आपापला कागद लिहायचा, आपल्याच घराबद्दल, आणि त्यात तक्रार करायची नाही, प्रश्न विचारायचा. ‘मागचा दरवाजा कोणत्या वेळात उघडा असतो?’ ‘पेटी गरम होते तेव्हा आम्ही कोणाला कळवायचं?’

नवरा म्हणाला, “काका, आपण इथे पाहुणे. प्रश्न तरी कसे विचारायचे?”

“पाहुणा विचारतो ना, बाथरूम कुठे हाय? तसं विचार.”

झाले दहा कागद तयार. काकांनी ते अरबीत टाईप करून घेतले आणि पिशवीत ठेवले. मग दर शुक्रवारी नमाजानंतर ते मालकाच्या मजलिसीत, म्हणजे बैठकीच्या खोलीत जाऊन बसायला लागले. मालक म्हणजे अबू सालिम, शेळ्या आणि खजुराच्या बागेत रमणारा म्हातारा. काका सहा शुक्रवार त्याच्याकडे गहवा, म्हणजे अरबी कॉफी प्यायले, मोडक्यातोडक्या अरबीत शेळ्यांच्या आजारांवर बोलले आणि परत आले. पिशवी उघडलीच नाही. इकडे आमचा धीर सुटत चालला होता, काकांना म्हातारपणी खजुराची चटक लागली अशी थट्टासुद्धा सुरू झाली. सातव्या शुक्रवारी अबू सालिमने स्वतःच विचारलं की त्या पिशवीत आहे तरी काय. काकांनी कागद दिले. त्याने एकेक करून दहाही वाचले आणि विचारलं, एवढे दिवस बोलला का नाहीस? काका म्हणाले, तुम्ही विचारलं नाहीत.

आठवड्याच्या आत दरवाजा मोकळा झाला. मग काकांनी दर शुक्रवारी सकाळी नऊ वाजता शिट्टी वाजवून अख्खी बिल्डिंग मागच्या जिन्याने उतरवायला सुरुवात केली. पोरांना तो खेळ वाटायचा, पहिल्या येणाऱ्याला सांदण मिळायचं. मोठ्यांनाही सुटका नव्हती. मी कणकेच्या हातांनी उतरले की ते घड्याळ बघत म्हणायचे की हात धुण्यात वेळ घालवला नाहीस हे चांगलं केलंस, पण गॅस बंद केलास का? मी तशीच परत वर. एकदा मुलीने मला इंग्रजीत सुनावलं की आई, तुझ्यामुळे आपलं घर दर वेळी शेवटून दुसरं येतं.

मीटरच्या पेटीचं मात्र जमत नव्हतं. मिस्त्री रोज ‘बुकरा’ म्हणायचा, म्हणजे उद्या, आणि तो उद्या काही उजाडत नव्हता. काकांनी वीजकंपनीला कळवलं, तिथून उत्तर आलं की इमारतीच्या आतली पेटी मालकाची जबाबदारी. आगबंबवाल्या दिफा मदनीच्या कचेरीत जाऊन विचारलं, तिथूनही माणूस येऊन बघून गेला आणि मालकाला समजावून गेला. तरी बुकरा. जून महिन्यात एका दुपारी काका ड्युटीवरून परतले, सवयीप्रमाणे पेटीवर तळहात ठेवला आणि ठेवल्या ठेवल्या मागे घेतला. मेन स्विच खाली केला, खिशातलं आपलं कुलूप लावलं आणि लाल टॅग बांधून तिथेच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले.

दहा घरांचे एसी एका क्षणात गप्प झाले. पाचच मिनिटांत आम्ही सगळे खाली भिंतीच्या सावलीच्या पट्ट्यात उभे होतो, आणि खरं सांगते, त्या दिवशी मी त्यांना मनातल्या मनात जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. माझा भात अर्धाकच्चा राहिला होता. अबू सालिम पायात सपाता घालूनच पिकअपमधून आला आणि चावी मागू लागला. काका उठून उभे राहिले, अदबीने हात छातीवर ठेवला आणि म्हणाले की मी लावलंय, मीच काढणार, तुम्ही मिस्त्री आणा. मला वाटलं, आता काकांचं सामान रस्त्यावर. पण म्हातारा पिकअपमध्ये जाऊन बसला आणि फोन लावू लागला. महिनोन्‌महिने न आलेला मिस्त्री तीन तासांत आला. एक सांधा सैल झाला होता. दहा मिनिटांत काम उरकलं.

एवढ्याशा कामासाठी तीन तास घाम गाळला म्हणून लोक कुरकुरले. काका कुलूप काढत म्हणाले की दहाच मिनिटांचं काम होतं, तेच तर तीन महिने सांगतोय.

पुढच्या शुक्रवारी अबू सालिम त्यांना आपल्या बागेत घेऊन गेला आणि विहिरीच्या पंपावर टॅग लावून घेतला. मराठी टॅग. मी विचारलं की काका, तिथे मराठी कोण वाचणार? अरबी लिहिता येत नाय, म्हणाले, इंग्रजीत चुका होतात, आणि लाल रंग सगळ्यांनाच वाचता येतो.

आता माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं, कारण तिथेच या सगळ्याला वळण लागलं. मी एका खासगी दवाखान्यात विम्याच्या काउंटरवर बसते. डॉक्टरने एखादी तपासणी किंवा उपकरण लिहून दिलं की मी ते संगणकावरून विमा कंपनीला पाठवायचं आणि तिकडून हो किंवा नाही यायची वाट बघायची. काही वर्षं हे काम केलं की विम्याचं कार्ड बघूनच उत्तर कळतं, निदान कळतं असं वाटायला लागतं. मग मी कंपनीला विचारण्याच्या भानगडीत न पडता तिथल्या तिथे सांगून टाकायची, नहीं होगा भाई. माणसाचा वेळ वाचतो, माझाही वाचतो, यात वाईट काय?

काका सुट्टीच्या दिवशी कॅम्पमधले कामगार घेऊन यायचे. कोणी बिहारचा, कोणी नेपाळचा. आपल्या कार्डावर काय मिळतं हे त्यातल्या बहुतेकांना ठाऊक नसायचं. काका त्यांना एकेकटं रांगेत उभं करायचे, प्रत्येकाने स्वतः विचारायचं, आणि आपण मागे बाकावर बसायचे. मी ‘नहीं होगा’ म्हटलं रे म्हटलं की उठून काउंटरशी यायचे. “नाय चालेल गो. पण कागदावर दे. तोंडच्या नायला पुढे रस्ता नाय.”

कागदावरच्या नकाराला कारण लिहावं लागतं आणि कारण असलं की वर दाद मागता येते, हे त्यांनी शोधून काढलं होतं. असे नकाराचे कागद त्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलेले असायचे. त्यातल्या एखाद्याचा होकार आला की तो कागद डब्यातून काढून त्या कामगाराला समारंभपूर्वक परत द्यायचे. माझे मॅनेजर इजिप्तचे होते. लांबून काका दिसले की ते मला म्हणायचे, यल्ला, तुझे अंकल आले, आता प्रिंटरचा कागद संपणार. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. घरी मी नवऱ्यापाशी फणफणायची की यांना माझाच काउंटर सापडतो का.

पुढे तर त्यांचं ‘लिहून द्या’ फारच वाढलं. फोन उचलायचे नाहीत, मेसेज पाठवा म्हणायचे. मुलीच्या वाढदिवसाचं बोलावणं केलं तर म्हणाले, कागदावर दे. तिने बिचारीने रंगीत पेन्सिलींनी आमंत्रण लिहून दिलं. घरी आले की आमच्या फ्रिजवर तळहात ठेवून उभे राहायचे, चालू आहे ना बघतो म्हणायचे. वय झालं की माणसाचं खूळ वाढतं, असं म्हणून आम्ही हसायचो.

रमजान चालू होता. त्या महिन्यात दवाखान्याच्या वेळा बदलतात आणि इफ्तारच्या आधी काउंटरवर नुसती झुंबड असते. त्या गर्दीत काका दिसले. एकटेच होते, बरोबर कामगार नव्हते. रोज्याने ओठ सुकलेले. त्यांनी कानाच्या डॉक्टरची चिठ्ठी पुढे केली. दोन्ही कानांना श्रवणयंत्रं लिहिली होती. मी चिठ्ठी धड वाचलीसुद्धा नाही. मागे लोक उभे होते म्हणून आवाज खाली घेऊन म्हटलं, “काका, हे नाही होत आपल्या कार्डात.”

ते माझ्या ओठांकडे बघत होते. मला वाटलं, थकलेत.

“बरं, बाय,” म्हणाले. चिठ्ठीची चौघडी घातली, ज्या खिशात टॅग ठेवायचे त्या खिशात घातली आणि गेले. लिहून दे म्हणाले नाहीत. मला काय वाटलं असेल? चला, आज कटकट नाही, असं वाटलं. पुढच्या माणसाचं कार्ड घेतलं.

ईद झाल्यावर एका संध्याकाळी नवरा जिन्यातून वर आला तो काकांची भलीमोठी टॉर्च घेऊनच. काकांनी ती देऊन टाकली होती. शिट्टी वरच्या मजल्यावर दिली, भांडी कॅम्पमध्ये वाटली. खुरूज, म्हणजे देश सोडायचा परवाना घेऊन कायमचे परत चालले होते. दोन महिन्यांनी वार्षिक तपासणी होती आणि त्यात कान उतरणार नाहीत हे त्यांना आधीच कळलं होतं. ज्याला भोंगा ऐकू येत नाही त्याने प्लँटमध्ये पाऊल टाकू नये, नियम आहे, असं तेच नवऱ्याला सांगत होते. थंडीत दुरुस्तीसाठी प्लँटचं मोठं शटडाऊन होतं. त्यातल्या सगळ्या कुलपांचा हिशोब त्यांच्याकडे येणार होता. वर्षभर ते त्याचीच तयारी करत होते. ते एक काम पुरं करून, आपल्या हाताने शेवटचं कुलूप काढून मग जायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. त्याऐवजी ‘अनफिट’ शिक्का बसायच्या आत निघून जायची वेळ आली होती.

मी म्हटलं, मग यंत्रं का नाही लावून घेत?

“कार्डात बसत नाहीत म्हणे,” नवरा म्हणाला. “खिशातून घेण्यासारखी ती नाहीत. कोणीतरी सांगितलं त्यांना, होत नाही म्हणून.”

कोणीतरी. माझं नावसुद्धा घेतलं नव्हतं त्यांनी.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेल्या गेल्या मी त्यांच्या कंपनीच्या पॉलिसीचे फायदे उघडले. ती ओळ तिथे होती. श्रवणयंत्र, डॉक्टरच्या शिफारशीने, आधी मंजुरी घेऊन. मला आठवत होती ती कोणत्या तरी जुन्या पॉलिसीची अट, आणि त्या आठवणीच्या भरवशावर मी विचारलंच नव्हतं. काउंटरवर बसून आजवर अशी किती माणसं मी परत पाठवली असतील, हा प्रश्न त्या सकाळी मला पहिल्यांदा पडला. त्यांची नावंही मला आठवत नव्हती.

दुपारी मी काकांच्या दारात उभी राहिले. ते खोकी बांधत होते. मी बोलायला सुरुवात केली आणि रडायलाच लागले. काका माझ्या तोंडाकडे बघत होते, पण रडणाऱ्या तोंडावरून त्यांना शब्द लागेना. तेव्हा मला कळलं की ही किती दिवसांची गोष्ट असेल. फोन, आमंत्रण, फ्रिजवरचा हात. त्यांनी टेबलावरचा मार्कर आणि एक लाल पुठ्ठा माझ्यासमोर सरकवला.

“लिहून दे गो.”

मी लिहिलं: ‘मी कंपनीला विचारलंच नव्हतं. न विचारता नाही म्हटलं.’ खाली तारीख घातली आणि सही केली.

त्यांनी ते चष्मा लावून वाचलं. रागावतील असं वाटलं होतं, निदान अकरा दिवस तरी अबोला धरतील. पण ते जरा ओशाळले. “चूक माझी पण हाय. सगळ्यांकडनं कागद मागतो, तुझ्याकडनं नाय मागितला. तू घरातली. लाज वाटली.” मग पुठ्ठा माझ्या हातात परत दिला. “ह्ये कुलूप तू लावलंस. मला नाय काढता यायचं. तूच काढ.”

त्याच दुपारी मी अर्ज पाठवला आणि काकांनी जाणं लांबणीवर टाकलं. तिसऱ्या दिवशी नकार आला. पण तो लेखी होता, आणि त्यात कारण होतं: श्रवणचाचणीचा आलेख जोडलेला नाही. जन्मात कुठल्या नकाराचा एवढा आनंद झाला नव्हता. आलेख जोडला. मग म्हणाले, डॉक्टरचं सविस्तर पत्र नाही. डॉक्टरच्या दाराशी बसून पत्र लिहून घेतलं. मग तीन आठवडे काहीच नाही. मी रोज सकाळी एक मेल पाठवायची, त्यात तक्रार नाही, एकच प्रश्न: आणखी कोणता कागद हवा आहे? मॅनेजर म्हणाले, तू तुझ्या अंकलसारखी झालीस. तपासणीला बारा दिवस उरले होते तेव्हा मंजुरी आली. तो पुठ्ठा इतके दिवस माझ्या पर्समध्ये होता. मी तो काकांच्या देखत फाडला. त्यांनी त्याला हात लावला नाही.

तपासणीच्या डॉक्टरने त्यांना यंत्रांच्या जवळ जायला मनाई केली ती केलीच, कारण नियम खरोखरच तसा होता. पण शिक्का ‘अनफिट’चा बसला नाही. कुलुपांच्या ऑफिसात बसून काम करायला परवानगी मिळाली, आणि त्यांच्या कंपनीनेही अडवलं नाही. थंडीतलं शटडाऊन त्यांनी तिथून सांभाळलं. एकही कुलूप दुसऱ्याच्या हाताने निघालं नाही, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं.

यंत्रं लागली त्याच संध्याकाळी ते वर आले होते. मी नेहमीच्या पट्टीत म्हटलं, या काका, बसा, चहा टाकते. ते दचकून एक पाऊल मागे सरकले. “हळू गो. एवढं ओरडतेस होय तू? चार वर्षं मला वाटायचं, काय गोड बारीक आवाज हाय बायचा.” माझा नवरा आणि मुलगी इतके हसले की मला रागही धरता येईना.

शटडाऊननंतर महिन्याभरात काका गेले, स्वतः ठरवलेल्या तारखेला. अबू सालिम त्यांना विमानतळावर सोडायला गेला आणि परत येताना, नवरा सांगतो, सारखे डोळे पुसत होता. शुक्रवारची शिट्टी आता तो वाजवतो, नऊला नाही तर त्याला जाग येईल तेव्हा. जायच्या आधी काकांनी माझ्या काउंटरवर येऊन संगणकाला एक टॅग बांधला: ‘न विचारता नाही म्हणू नये. लावणाऱ्यानेच काढावे.’ मॅनेजरनी अर्थ विचारला तेव्हा मी सांगितला. तेव्हापासून ते प्रिंटरला कागद जास्त मागवायला लागले. आता माझ्यासमोर येणारा प्रत्येक माणूस उत्तराचा कागद घेऊन जातो. माझी रांग सगळ्यात लांब असते आणि मी रोज उशिरा घरी येते. कोणाचा होकार आला की मला काकांची आठवण येते. त्यांनी माझ्यावर केलेल्या उपकारांची त्यांना कल्पना आहे की नाही, मला माहीत नाही. म्हणून हे लिहून देते आहे.

गेल्या शुक्रवारी गुहागरहून त्यांचा फोन आला. हल्ली ते स्वतःहून फोन करतात, मेसेज पाठवत नाहीत. गावच्या ट्रान्सफॉर्मरला कुंपण नाही, त्याबद्दल अकरा घरांनी अकरा कागद लिहिलेत, असं सांगत होते. मी खांद्यावर फोन धरून चटणी वाटत होते. बोलता बोलता ते एकदम थांबले.

“बाय,” म्हणाले, “मिक्सर चालू हाय, तो ऐकू येतोय. पण मागे किटली पण उकळतेय. दोन्ही एकाच बोर्डावर?”

मी वळून बघितलं आणि किटलीची पिन काढली.